तीन हॉटेलं आणि खुर्चीवाले

"डाव्या हाताला बाथरूम, समोर पलंग, पलंगाच्या उशाशी दिव्याचं बटण," खुर्चीवाले म्हणाले. "बघच तू. डोळे मिटून सांगतो."

मॅनेजरनं दार उघडलं. बाथरूम उजव्या हाताला होतं.

"हे उलटं बांधलंय," खुर्चीवाले म्हणाले.

मॅनेजर पोरगेलासा होता. गळ्यातला टाय त्यानं बहुधा या दोघांना येताना पाहूनच घाईघाईनं वर ओढला होता. "नाही काका, आमच्याकडे सगळ्या गावांत असंच असतं. कुठल्याही शाखेत जा, बाथरूम उजवीकडेच. कंपनीचा नियमच आहे."

"पूर्वी डावीकडे असायचं."

"पूर्वीपासून उजवीकडेच आहे, काका."

खुर्चीवाले तडक पुढे झाले. आत जाऊन त्यांनी पलंगाच्या उशाशी हात घातला आणि बटण चाचपू लागले. तिथं नुसती भिंत होती. बटण दाराजवळ होतं. ते काकूंना आत येता येताच दिसलं होतं, पण त्यांनी दाखवलं नाही. नवरा भिंत चाचपत होता तेवढा वेळ त्या चादरीची शिवण बघत उभ्या राहिल्या.

खुर्चीवाले हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. दातांच्या डॉक्टरकडे ती लांबलचक खुर्ची असते ना, पायानं कळ दाबली की वर जाणारी आणि पाठ सपाट करणारी, ती दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कंपनी खुर्च्या विकायची आणि हे गावोगाव फिरून त्यांची दुखणी काढायचे. कुठं तेल गळतंय, कुठं दिवा मान टाकतोय, कुठं खुर्ची वर गेली ती खाली यायलाच तयार नाही आणि वर अडकलेला पेशंट तोंडात कापूस धरून हातवारे करतोय. दुरुस्ती झाली की ते स्वतः खुर्चीत आडवे व्हायचे, मोठा आ वासायचे आणि डॉक्टरांना म्हणायचे, "बघा आता." डॉक्टर मंडळी हसायची. दिवसा दुसऱ्याच्या खुर्चीत आडवं व्हायचं, रात्री दुसऱ्याच्या पलंगावर, असं आपल्या आयुष्याचं वर्णन ते स्वतःच करत.

सोमवारी बॅग उचलून निघाले की शनिवारी उगवायचे. कधी कधी तो शनिवारही बुडायचा. इकडे काकू मशीन चालवायच्या. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, जे येईल ते. गल्लीत त्यांना सगळे शिवणकाकू म्हणत. मुलाचा ताप, मुलाची शाळा, गळका नळ, सासऱ्यांचं शेवटचं दुखणं, सगळं त्यांनी एकहाती ओढलं. तक्रार केली नाही, पण मनात एक टोचणी होती. नवऱ्याला काय, आयतं अंथरूण, आयतं पांघरूण. उठलं की चादर झटकणारं दुसरंच कुणीतरी. त्यांनी स्वतः जन्मात हॉटेलच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे ती खोली म्हणजे जाड गालिचा, मऊ दिवे आणि नवरा पाय पसरून टीव्ही बघतोय, अशी होती.

खुर्चीवाले निवृत्त होऊन घरी आले त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. घरी आले म्हणजे काय, तर घरात उतरले. आंघोळ झाली की टॉवेलाची चौकोनी घडी करून पलंगाच्या पायथ्याशी ठेवायचे. खोलीबाहेर पडताना प्रत्येक दिवा मालवायचे आणि दार ओढून बघायचे. एकदा सकाळी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं होतं, "चहा किती वाजेपर्यंत असतो?" सून हसून हसून खाली बसली होती. काकूही हसल्या होत्या. नंतर सुनेला कुणाला तरी फोनवर हा किस्सा सांगताना ऐकलं, तेव्हा मात्र त्यांना हसू आलं नाही. का ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

आणि आता ही हॉटेलांची भानगड. सुनेला मुलगी झाली होती आणि बाळाला बघायला तिचे आईवडील, आत्या आणि भाऊ-भावजय येणार होते. घर तीन खोल्यांचं. त्यातली एक बाळानंच व्यापलेली. विहीणबाई म्हणजे नाकानं कांदे सोलणाऱ्या. त्यांना कुठं उतरवायचं यावर घरात आठवडाभर खल चालला होता. स्टेशनसमोरच्या चौकात एकाला लागून एक अशी तीन हॉटेलं उभी राहिली होती. तिन्ही मोठ्या कंपन्यांची, गावोगाव शाखा असलेली, मध्यमवर्गाच्या खिशाला झेपणारी. नावं लांबलचक आणि जवळपास सारखीच, त्यामुळे घरात त्यांना पाटीच्या रंगावरून ओळखत. पिवळं, निळं आणि हिरवं.

सून बाळाला मांडीवर घेऊन मोबाइलवर लोकांचे शेरे वाचायची.

"आई, हे ऐका. पिवळ्याबद्दल एकानं लिहिलंय, झोप इतकी छान लागली की गाडी चुकली. त्याच्याच खाली दुसरा लिहितो, रात्रभर टक्क जागा होतो."

"दोघं वेगवेगळ्या खोलीत असतील."

"निळ्याला एकानं पाचच्या पाच तारे दिलेत आणि लिहिलंय, 'अतिशय वाईट अनुभव.' आता बोला."

"हिरवं?"

"हिरव्याबद्दल लिहिलंय, 'पिवळ्यासारखंच आहे.'"

काकूंचं डोकं भणभणलं. पातेलं घ्यायचं असतं तर वाजवून पाहिलं असतं, कापड असतं तर बोटांत चुरगाळलं असतं. परक्या माणसांच्या झोपेवरून खोली कशी पारखायची?

"तुम्ही बाबांनाच का विचारत नाही?" मुलगा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला. "अख्खी हयात तिन्हीकडे राहण्यात गेली त्यांची. त्यांच्याइतकं कुणाला कळणार?"

सगळ्यांनी खुर्चीवाल्यांकडे पाहिलं. ते खिडकीत पेपर वाचत होते. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी त्यांना काही विचारत होतं. त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला.

"निळं," ते म्हणाले. "शंकाच नको. निळं."

"का हो?" काकूंनी विचारलं.

"गरम पाणी."

"पिवळ्यात गरम पाणी नसतं?"

"असतं की."

"मग हिरव्यात नसेल."

"तिथंही असतं."

"अहो, मग निळ्यात काय वेगळं आहे?"

खुर्चीवाल्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. जिभेवर आलेली गोष्ट आत कुठंतरी घसरून पडावी तसा त्यांचा चेहरा झाला. "अगं, राहिल्यावर कळतं ते," ते म्हणाले. "सांगून नाही कळत."

"मग आपण दोघं जाऊन बघून येऊ," काकू म्हणाल्या. "उद्याच जाऊ."

असे ते दोघं या चौकात आले होते आणि आधी पिवळ्यात शिरले होते.

निळ्या पाटीच्या हॉटेलात मात्र बाथरूम खरंच डावीकडे होतं. खुर्चीवाले दारातच थांबले आणि त्यांनी बायकोकडे असं पाहिलं की जणू ते बाथरूम त्यांनीच बांधलं होतं.

"बघ! म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतं," काकू म्हणाल्या. त्यांना मनापासून बरं वाटलं.

इथली मॅनेजर एक हसतमुख बाई होती, काकूंच्या धाकट्या बहिणीच्या वयाची. तिनं खोली उघडून दिली, पाणी सोडून दाखवलं, गादीवर स्वतः बसून दाखवलं. खुर्चीवाले तिच्यापाशी मोकळे झाले. एका गावात खुर्ची वर जाऊन अडकली आणि वर गावातले एक बडे गृहस्थ, अर्धा दात काढलेला, खाली उडी मारायला तयार नाहीत, शेवटी शेजारच्या रंगाऱ्याची शिडी आणून त्यांना उतरवलं, हा किस्सा त्यांनी साभिनय सांगितला. मॅनेजरबाई पदरानं डोळे पुसेपर्यंत हसली. काकूंनी हा किस्सा कितीदा ऐकला होता, पण आज त्याही हसल्या. परक्या बाईपुढे नवरा रंगात आलेला पाहून त्यांना वाटलं, हा माणूस बाहेर असा असायचा तर. आपल्या वाट्याला शनिवारचा थकलेलाच आला.

"नाश्ता वर गच्चीवर असतो ना?" खुर्चीवाल्यांनी विचारलं.

"नाही हो काका, खालीच असतो. आमच्याकडे गच्चीवर काहीच नसतं."

"असं कसं? कठड्याला कुंड्या, लोखंडी खुर्च्या. समोर पाण्याची टाकी दिसते."

"दुसरं कुठलं तरी असेल."

"दुसरं..." ते पुटपुटले. "पिवळं असेल. का हिरवं?" आणि ते काकूंकडे वळले. जसं काही त्याही तेव्हा बरोबर होत्या आणि त्यांना आठवत असणार.

लिफ्टमधून खाली येताना ते मॅनेजरबाईला म्हणाले, "तुम्हाला एक गंमत सांगतो. एका गावात आमची खुर्ची वर गेली ती अडकली. आणि वर कोण, तर गावातले बडे गृहस्थ, अर्धा दात काढलेला..."

काकूंना आधी वाटलं, ते मुद्दाम करताहेत. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं थट्टेचा मागमूस नव्हता. शिडी आली, रंगारी आला, गृहस्थ उतरले. मॅनेजरबाईनं एकदा काकूंकडे ओझरतं पाहिलं आणि किस्सा संपल्यावर ती पुन्हा हसली. या वेळी डोळे पुसावे लागले नाहीत. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा काकूंना त्या परक्या बाईचा हात घट्ट धरावासा वाटला. धरून काय म्हणायचं ते मात्र सुचेना, म्हणून त्या नुसतं "येतो हं" म्हणाल्या.

हिरव्याकडे जाईतो ऊन चढलं होतं. काकूंचे गुडघे बोलायला लागले होते आणि खुर्चीवाले कधी नव्हे ते फरफटत चालत होते. हिरव्या हॉटेलच्या काउंटरवर पाटी होती, की प्रवाशांना आंघोळ-विश्रांतीसाठी अर्ध्या दिवसापुरती खोली मिळेल.

"घेऊ या," खुर्चीवाले म्हणाले. "बघायची तर नीट बघू. उभ्या उभ्या काय कळतंय?"

खोलीत शिरताना ते डावं-उजवं काही बोलले नाहीत. बूट काढून पलंगाखाली सरकवले, पाकीट आणि चष्मा बाजूच्या टेबलावर ठेवला, जाड पडदा ओढला आणि पलंगाच्या एका कडेला भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. हे सगळं इतकं झटपट आणि इतकं सवयीनं झालं की काकू दाराशी हातात पर्स घेऊन उभ्याच राहिल्या. घरी हा माणूस पाण्याचा तांब्या शोधायला इकडून तिकडे फिरायचा. इथं त्याच्या हातांना सगळं माहीत होतं.

काही क्षणांत त्यांचा श्वास जड झाला.

काकू खुर्चीवर बसल्या. खोलीत एकच खुर्ची होती. अंधुक उजेडात त्यांनी आजूबाजूला पाहिलं. गालिचा नव्हता. भिंतीवर एक चित्र होतं. पाणी होतं की आभाळ ते कळत नव्हतं, आणि कुणी नीट बघावं म्हणून ते लावलेलंही नव्हतं. काडेपेटीएवढ्या दोन साबणाच्या वड्या, दोन पेले, एक किटली. पलंग दोघांचा, पण त्याच्या दुसऱ्या बाजूची चादर तशीच ताणलेली, उशीवर एक वळी नाही. पलीकडच्या खोलीत कुणीतरी खोकलं, नळ सोडला, बंद केला. मग काहीच नाही.

इतकंच? काकूंना वाटलं. एवढी वर्षं आपण जिचा मनोमन हेवा केला ती खोली ही?

त्या किती वेळ बसून होत्या कुणास ठाऊक. मांडीवरची पर्स थरथरू लागली तशा त्या दचकल्या. घरात बाळ झोपतं म्हणून मुलानं त्यांच्या फोनचा आवाज बंद करून ठेवला होता. तो नुसता आतल्या आत घुरघुरायचा. सुनेचा असेल म्हणून त्यांनी फोन बाहेर काढला. फोनच्या पडद्यावर खुर्चीवाल्यांचा फोटो होता.

त्यांनी मान वर केली. खुर्चीवाले तसेच, भिंतीकडे तोंड करून पडले होते. कानाशी फोन होता.

रोज संध्याकाळी, खोलीवर पोहोचलं की ते घरी फोन करत. आधी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे करायचे, मग घरी फोन आल्यावर घरी. बोलणं ठरलेलं असायचं आणि चहा निवायच्या आत आटपायचं. ओढलेल्या पडद्यामुळे खोलीत संध्याकाळ झाली होती.

काकूंच्या तोंडाशी आलं, अहो, मी इथंच आहे की. फोन कसला करताय? पण ते शब्द बाहेर पडले नाहीत. त्या उठल्या, चोरपावलांनी बाथरूममध्ये गेल्या, दार लोटून घेतलं आणि फोन कानाला लावला. असं का केलं हे त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी नीट कळलं नाही.

"हॅलो."

"पोहोचलो गं," खुर्चीवाले म्हणाले. आवाज फोनमधून येत होता आणि दाराच्या फटीतूनही.

"बरं झालं."

"जेवलीस?"

"जेवले. तुम्ही?"

"जेवलो. पोरगा काय करतोय?"

काकूंनी बेसिनची कड धरली. त्यांचा पोरगा या वेळी ऑफिसात होता. त्याचे केस कानशिलांवर पिकायला लागले होते आणि त्याला स्वतःची मुलगी होती.

"अभ्यास करतोय," त्या म्हणाल्या.

"गणित घे म्हणावं आधी. ते टाळतो तो."

"सांगते."

इथं पूर्वी फोन संपायचा. बरं ठेवतो, हं ठेवा, एवढंच. पण काकूंनी ठेवला नाही. समोरच्या आरशात एक म्हातारी बाई कानाला फोन लावून उभी होती आणि तिला काहीतरी विचारायचं होतं.

"अहो, खोली कशी आहे?"

हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.

"चांगली आहे की. एकदम मस्त. का गं?"

"खरं सांगा."

"खरंच." मग थोड्या वेळानं, आवाज खाली आणून ते म्हणाले, "खरं सांगू? मला या खोल्या कळतच नाहीत. सगळ्या एकसारख्या. सकाळी जाग येते ना, तेव्हा मी कुठल्या गावात आहे तेच समजत नाही. मग पडून राहतो. बाहेरून कसला आवाज येतो ते ऐकतो. कधी कधी लवकर कळतं. कधी कधी खाली जाऊन कुणाला तरी विचारावंसं वाटतं, पण असं कसं विचारणार? मोठ्या माणसानं?"

"कधीपासून होतंय असं?"

"पहिल्यापासूनच." मग त्यांनी विचार केला असावा. "का अलीकडे? नाही सांगता येत."

"मला बोलला नाहीत कधी."

"तुला काय सांगायचं? तू तिकडं एकटी सगळं ओढतेस. त्यात मी सांगू, की मला खोलीत बावरल्यासारखं होतं? हसली असतीस."

"नसते हसले."

"आता विचारलंस म्हणून बोललो. तू काळजी करू नकोस."

"नाही करत," काकू म्हणाल्या. आरशातल्या बाईचा चेहरा ओला झाला होता. आवाज मात्र कोरडा ठेवणं त्यांना जमलं. एवढ्या वर्षांत त्या दुसरं काय शिकल्या होत्या? "कधी येताय?"

"काम आटपलं की निघतोच. दाराला कडी लाव."

"लावते."

"ठेवतो मग."

"ठेवा."

त्यांनी तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं आणि जरा थांबून बाहेर आल्या. खुर्चीवाल्यांचा फोन उशीजवळ पडला होता. डोळे मिटलेले होते. काकूंनी पलंगाला वळसा घातला आणि पलीकडच्या ताणलेल्या चादरीवर, अंग चोरून, त्या आडव्या झाल्या. छताकडे बघत राहिल्या. डोक्यात एक विचार धड उभा राहत नव्हता. झोपेच्या गुंगीत बोलले असतील. कुणाचंही होतं असं. मग लिफ्टमधला किस्सा? मग मागच्या महिन्यात दूध आणायला गेले ते रिकाम्या हातानं उशिरा परत आले आणि म्हणाले दुकान हललंय, ते? आणि हे आत्ता सुरू झालंय, की खरंच पहिल्यापासून होतं आणि आपल्यालाच पत्ता नव्हता? कुणाला विचारायचं? ज्याला विचारायचं तोच इथं झोपला होता.

पडद्याची कड सोनेरी झाली तेव्हा खुर्चीवाले जागे झाले. कूस बदलून त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि थोडा वेळ बघतच राहिले.

"तू कधी आलीस?"

"तुमच्याबरोबरच आले. हॉटेलं बघायला नाही का?"

"हो हो. विहीणबाई येणार आहेत." ते उठून बसले, चष्मा लावला. हळूहळू सगळं जागच्या जागी येऊन बसल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. "छान झोप लागली. स्वप्नात तुझ्याशी बोलत होतो."

"काय बोलत होता?"

"आठवत नाही आता," ते म्हणाले. "पण बरं वाटलं बोलून."

काकूंनी त्यांचे बूट पलंगाखालून काढून पुढे ठेवले. ते वाकून नाडी बांधू लागले. गाठ नीट बसली. या माणसाच्या हातांना अजून सगळं येत होतं.

काउंटरवर किल्ली देताना तिथल्या माणसानं विचारलं, "कशी वाटली खोली, काका?"

खुर्चीवाल्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग बाजूला बघितलं. काकूंनी सांगावं म्हणून ते थांबले.

"शांत आहे," काकू म्हणाल्या. "स्वच्छ आहे. नाव ठेवायला जागा नाही."

तेवढ्यात पर्समधला फोन पुन्हा घुरघुरला. या वेळी सून होती. मागं बाळ रडत होतं.

"आई, किती वेळ! झालं का ठरवून? तिकडून आईचा दोनदा फोन येऊन गेला. काय सांगू तिला? तिन्हींत चांगलं कुठलं?"

काकूंनी आठवून पाहिलं. तिन्ही खोल्या त्यांच्या डोळ्यांपुढे एकीत एक मिसळल्या. बटण कुठं होतं, गच्ची कुठल्याला होती की कुठल्यालाच नव्हती, बाथरूम डावीकडे होतं ते कुठलं. आता कुणी विचारलं असतं तर त्यांनाही छातीठोक सांगता आलं नसतं. शेजारी नवरा हातांची घडी घालून उभा होता. तिकडे काय विचारलं जातंय ते त्याला ऐकू येत होतं आणि तो बाहेरच्या रस्त्याकडे बघत ते ऐकू न आल्याचं दाखवत होता.

"निळं," काकू म्हणाल्या. "तुझे सासरे म्हणाले होते तेच बरोबर निघालं. त्यांना बरोबर माहीत होतं."

खुर्चीवाल्यांनी हातांची घडी सोडली आणि शर्टाची कॉलर सारखी केली. "मी तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ते काउंटरवरच्या माणसाला म्हणाले. त्या बिचाऱ्याला कशाचा काही संदर्भ नव्हता, पण त्यानं मान डोलावली.

दोघं बाहेर आले. चौकात ऑफिसं सुटल्याची गर्दी होती. गाड्या, सायकली, स्टेशनकडे पळणारी माणसं. याच चौकातून खुर्चीवाले सगळा जन्म बॅग घेऊन गेले-आले होते. ते पायरीवर थांबले. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. स्टेशनचं मोठं घड्याळ अगदी समोर होतं.

"इथून स्टेशन कुठं आलं?" त्यांनी अगदी सहज, वाट विचारणाऱ्या माणसाच्या आवाजात विचारलं. "गाडी चुकायला नको."

काकूंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. पर्स खांद्यावर नीट केली.

"आज गाडी नाही पकडायची," त्या म्हणाल्या. "घर जवळच आहे. चालत जाऊ."

"हो? मग बरंच झालं."

त्या पायरी उतरल्या. खुर्चीवाले त्यांच्या मागोमाग, अर्ध्या पावलाच्या अंतरानं चालू लागले. नव्या गावात माणूस माहीतगाराच्या मागं चालतो तसे. रस्ता ओलांडायची वेळ आली तेव्हा त्यांनी दोन्हीकडे पाहिलं, मोटारी थांबल्या तेही पाहिलं. आणि मग, पाऊल उचलण्याआधी, एकदा बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं.